कृष्णकमळाचं छप्पर

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

फोनवर तुला माझं बोलणं कमी आणि पोरांचा कालवा जास्त ऐकू येतो, म्हणून लिहायला बसले. दुपार आहे. पाळणाघरातली सगळी वानरसेना गाद्यांवर आडवी झाली आहे. एक सोडून. ती डोळे मिटून झोपेचं सोंग करते आहे आणि मी ते खरं मानल्याचं सोंग करते आहे.

तुझ्या दादानं ग्रिलचं वर्कशॉप बंद केल्यापासून त्याचे हात शिवशिवतात. परवा चांगल्या स्टुलाला पाचवा पाय जोडला. म्हणे, आता डुगडुगणार नाही. आधी तरी कुठे डुगडुगत होतं? पण म्हटलं, असू दे. माणूस कामात असलेला बरा.

लिहायचं कारण वेगळंच आहे. पलीकडच्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढल्यापासून सगळी वाहतूक आमच्या रस्त्यानं वळवली आहे. तू पाहिलेला तो शांत रस्ता आता विसर. सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी संध्याकाळी करड्या होऊन घरात येतात. खिडकीच्या कट्ट्यावर मुलं बोटानं चित्रं काढतात, इतकी काजळी बसते. नाक पुसलं की रुमालावर काळं. लोक विश्वासानं लेकरं सोपवून कामावर जातात आणि मी त्यांना दिवसभर धूर खाऊ घालते, असं हल्ली वाटायला लागलं आहे.

दादा म्हणतो, अंगणाला उंच पत्रा ठोकतो. मी म्हटलं, हे पाळणाघर आहे, गोदाम नाही. तू उद्यान खात्यातली एवढी मोठी बाई. काय लावू, कुठे लावू, ते सांग. तू सांगशील तसंच करीन, काडीचाही फरक करणार नाही.

तुझी वहिनी


२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं आणि आधी हसले ते त्या पाचव्या पायाला. दादाला सांग, आता त्याच्यासाठी खरंच काम काढलं आहे.

सोबत अंगणाचा नकाशा काढून पाठवते आहे. डोळे मिटले की मला ते अंगण जसंच्या तसं दिसतं. फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताला नळ, उजवीकडे तू माझी वेणी घालायला बसायचीस ती पायरी, आणि रस्त्यापलीकडे ते मोठं मोकळं मैदान. लग्न होऊन आलीस तेव्हा मी केवढी होते! माझ्या केसांतल्या गाठी तू एक अक्षर न बोलता सोडवायचीस. म्हणून तुझ्यासाठी काही करायला मिळालं की मला बरं वाटतं.

रस्त्याच्या कडेनं, भिंतीला लागून, कुंपणाची झुडपं लाव. अगदी बुडापासून दाट वाढतील अशी. आणि अंगणावर दादाला लोखंडी सांगाडा करायला सांग. त्यावर कृष्णकमळाचा वेल चढव. भराभर वाढतो. पानं धूळ धरून ठेवतात, ऊन अडवतात, मुलांना खाली खेळता येईल. मात्र पानांनी धरलेली धूळ पानांवरच राहते, म्हणून आठवड्यातून एकदा पाइपनं धुऊन काढत जा.

आणि एक. पहिली दोन वर्षं वेलाला कात्री लावायची नाही. जितका दाट होईल तितकी तुमच्या डोक्यावरची हवा गाळून येईल. हे माझ्यावर सोड.

तुझी ठमा


१२ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

मधल्या पत्रांतून तुकड्यातुकड्यानं कळवत आलेच आहे, पण आज नीट सांगते. वेल लावून पावणेदोन वर्षं झाली आणि यंदा त्यानं अख्खं अंगण झाकलं. वर बघितलं तर आभाळाचा ठिपकासुद्धा दिसत नाही. फुलं आली की मुलं माना वर करून उभी राहतात आणि एकमेकांवर आदळतात. सोबत फोटो पाठवते आहे. दादानं काढला आहे, म्हणून माझं डोकं अर्धंच आलं आहे. वेल मात्र पुरता आला आहे.

तू कात्री लावू नको म्हणालीस, मी लावली नाही. शेजारची एकदा म्हणाली, जरा छाटा की, किती माजलाय. मी म्हटलं, ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये, आमच्या घरात खात्याची बाई आहे.

आता आमच्या अंगणाची गंमत ऐक. समोरच्या मैदानावर इमारत उभी राहिली आहे, चांगली सात मजली, त्यामुळे रस्ता म्हणजे नुसती घळ झाला आहे. त्या सगळ्या रखरखाटात हिरवं काय ते आमचं दार. म्हणून येणारा-जाणारा इथेच टेकतो. पोरं सोडायला येणाऱ्या आयाबापांना ऊन लागू नये म्हणून दादानं सांगाडा फाटकाबाहेर चांगला पाच-सहा फूट पुढे ओढला. मग त्यावरही वेल गेला. आता स्कूटरी थेट सावलीत येतात. शाळेच्या व्हॅन असतात ना, त्यांचे ड्रायव्हरसुद्धा दुपारची सुट्टी होईपर्यंत आमच्याच दारात थांबतात. गाडी बंद करत नाहीत; एकदा बंद केली की पुन्हा सुरू व्हायला रुसते म्हणे. मी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन देते. तेवढाच शेजार.

पाळणाघरात नाव घालायला आता रांग लागते. त्यात एक नवी आली आहे. तीन वर्षांची, पण एवढीशी, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. आई नर्स आहे, एकटीच आहे, कधी सकाळची पाळी तर कधी दुपारची. मुंगी कुणाशी बोलत नाही. फक्त माझ्या पदराचं टोक धरून वेलाखाली बसते आणि पडलेली पानं गोळा करून मला विकते. मी खोटी नाणी देते. ती हिशेबाला पक्की आहे, उधार देत नाही.

तुझी वहिनी


३ डिसेंबर

प्रिय वहिनी,

फोटो मी ऑफिसात टेबलावर ठेवला होता. येणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. शेवटी आमच्या साहेबांनीच उचलला आणि विचारलं, हे कुठलं? मी म्हटलं, माझ्या वहिनीचं पाळणाघर.

पुढचं ऐक. शहरातल्या सगळ्या बालवाड्यांवर असं हिरवं छप्पर करायची योजना साहेबांनी वर पाठवली आहे. माझ्या नावानं. तुझा फोटो पहिल्या पानावर आहे, अर्ध्या डोक्यासकट. इतकी वर्षं मी बागांमधल्या बाकांना रंग कोणता द्यायचा यावर कागद काळे केले. आता पहिल्यांदा कुणाच्या श्वासाला उपयोगी पडेल असं काही हातून होतं आहे. हे तुझ्यामुळे.

मुंगीला माझ्याकडूनही एक पान विकत घे.

तुझी ठमा


१७ जानेवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र दादानं तीन वेळा वाचून घेतलं. ‘अर्ध्या डोक्यासकट’वर दर वेळी हसला. मग शर्ट बदलून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि तिथे सगळ्यांना सांगून आला.

इकडे बाकी ठीक. थंडी आहे, पोरं शिंकतात, खोकतात. एकाला झालं की सगळ्यांना होतं, शेवटी पाळणाघर आहे. मुंगीचा खोकला जरा रेंगाळला आहे. संध्याकाळपर्यंत तिची छाती मांजरासारखी घुरघुरते. आई औषध देते. मी तिला आतल्या कोंदट खोलीत ठेवतच नाही, दिवसभर बाहेर वेलाखालीच बसवते. मोकळी हवा लागली की बरं वाटेल.

तुझ्या योजनेचं काय झालं? उद्घाटनाला बोलावलंस तर दादाला नवा कोट लागेल म्हणतो. कोट मी शिवीन, पण त्यात तो मावेल याची खात्री देत नाही.

तुझी वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते आहे, रागावू नकोस. योजना मंजूर होण्याच्या बेतात आहे, कामाची धांदल आहे.

एक सुचवायचं होतं. वेल आता खूपच दाट झाला असेल. थोडा विरळ केलास तरी हरकत नाही. खाली उजेड येईल, मुलांनाही छान वाटेल. फाटकाबाहेरचा भाग कमी केलात तरी चालेल. सवडीनं बघा, तातडी अशी काही नाही.

मुंगीचा खोकला कसा आहे? तिला चांगल्या डॉक्टरांना दाखवायला सांग तिच्या आईला.

तुझी ठमा


२ मार्च

प्रिय ठमे,

तू म्हणालीस म्हणून वेलाच्या कडा साफ केल्या. लोंबणारे शेंडे कापले. आता रस्त्यावरून एकदम टापटीप दिसतं. वरचं जसंच्या तसं ठेवलं आहे, काळजी करू नकोस. माझ्या लक्षात आलं, योजनेसाठी नवा फोटो हवा असणार आणि तुला तसं सांगायला संकोच वाटत असणार. फोटो सोबत आहे. या वेळी डोकं पूर्ण आलं आहे.

फाटकाबाहेरचं काढायला दादा तयार नाही. म्हणाला, ठमीला लोखंडाचं काय कळतं.

मुंगी हल्ली येत नाही. तिची आई रजेवर आहे. बाकी सगळं नेहमीसारखंच.

दादाचे गुडघे दुखतात.

तुझी वहिनी


८ मार्च

वहिनी,

हे पत्र हातात पडेल तेव्हा उभी असशील तिथूनच दादाला हाक मार आणि वेल उतरवायला सांग. आजच. पूर्ण. कुंपणाची झुडपं राहू देत. ती रस्ता आणि मुलं यांच्या मध्ये आहेत, त्यांचा उपयोगच आहे. वरचं सगळं काढा. आणि तोवर मुलांना अंगणात आणू नकोस. मग बाकीचं वाच.

‘मुंगी येत नाही, आई रजेवर आहे’ हे मी दोनदा वाचलं. एकटी बाई, पाळ्यांची नोकरी, ती उगाच एवढी रजा काढणार नाही. आणि तुझ्या पत्रात मुंगीवर दोनच वाक्यं? तू काहीतरी लपवते आहेस हे मला कळलं, कारण मीही तेच केलं होतं.

आमच्या इथे एका बालवाडीवर असाच जुना, गच्च वेल आहे. योजनेसोबत आकडे जोडायचे म्हणून हवा तपासणाऱ्या खात्यातली एक मुलगी तिथे छोटं मशीन घेऊन गेली. मीही गेले होते, टाळ्या घ्यायलाच म्हण ना. तिनं आधी रस्त्याच्या कडेला धूर मोजला. मग वेलाखाली, जमिनीपासून मुलांच्या नाकाइतक्या उंचीवर. वेलाखाली जास्त निघाला. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. ती शांतपणे दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, दुसरं मशीन घेऊन. पुन्हा तेच.

मला म्हणाली, “मॅडम, तुमच्या झाडांचा काही दोष नाही हो. पण धूर खाली आहे आणि झाकण तुम्ही वर ठेवलंय.”

इतकं साधं. झाडं हवा चांगली करतात, हे आपण सगळे इतक्या लहानपणापासून म्हणत आलो आहोत की कुठलं झाड, कुठे, कुणाच्या डोक्यावर, हे विचारायचं राहून गेलं. मोकळ्या जागेत वारा धूर उचलून नेतो. तुमच्या समोर मैदान होतं तेव्हा नेत असेल. आता समोर सात मजले आहेत, अलीकडे घरं आहेत, मध्ये रस्त्याची घळ, आणि त्या घळीला लागून आपण पानांचं झाकण घातलं. पानं थोडी धूळ धरतात हे खरं. पण दारात गाडी चालू असेल तर ती जेवढं ओकते, त्यातलं पानांच्या हाती किती लागणार? उरलेलं खाली कोंडून राहतं.

आणि गाड्या तिथे का येतात? सावलीला. ती सावलीही माझीच.

समोर इमारत झाली हे तू मला नोव्हेंबरमध्येच लिहिलं होतंस. व्हॅन चालू ठेवून थांबतात तेही लिहिलं होतंस. मी फोटो पाहत होते, आणि फोटोत नुसतं हिरवं दिसत होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नऊ फेब्रुवारीला ‘थोडा विरळ केलास तरी हरकत नाही’ असं मी लिहिलं, तेव्हा दोन्ही मोजण्या होऊन गेल्या होत्या. मला माहीत होतं, वहिनी. तुझं जानेवारीचं पत्र समोर उघडं होतं, त्यात मुंगीची छाती घुरघुरते असं लिहिलं होतं आणि तू तिला दिवसभर वेलाखाली बसवतेस असंही. तरी मी उजेडाचं कारण दिलं. तातडी नाही म्हणाले. स्वतःला सांगितलं की वहिनीचं मन मोडेल, दादाला वाईट वाटेल. खरं कारण एवढंच की आठवड्यानं योजनेवर सही व्हायची होती आणि त्या कागदावर माझं नाव होतं. तुला खरं लिहिलं असतं तर साहेबांनाही खरं सांगावं लागलं असतं. तुला एक आणि त्यांना एक, असं मला जमलं नसतं. म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

सही झाली. पेढीवरच्या पाटीसारखं माझं नाव त्यावर झळकतं आहे. मला ते बघवत नाही.

मुंगी कशी आहे? खरं लिही.

ठमा


२६ मार्च

प्रिय ठमे,

पत्र फाटकातच वाचलं. मुलं यायची वेळ होती. पहिल्या चार ओळी वाचून दादाला हाक मारली. तो माझ्या तोंडाकडे बघून कटर आणायला गेला. आलेल्या मुलांना दारातूनच परत पाठवलं आणि दिवसभर आम्ही दोघं वेल उतरवत होतो. दर आठवड्याला मी तो खालून धुवायचे, ठमे. वरच्या बाजूला पाणी पोचतच नव्हतं. वेल खाली आला तेव्हा त्यातून इतकी काजळी उडाली की आम्ही तोंडाला फडकी बांधली. दादा म्हणाला, एवढ्यात माझ्या भट्टीची चिमणी साफ झाली असती. मग पायरीवर बसून राहिला. मी त्याला पहिल्यांदाच इतका वेळ रिकाम्या हातांनी बसलेला पाहिला.

मुंगीचं खरं लिहिते. मी दोन मार्चला पत्र लिहिलं तेव्हा ती दवाखान्यात होती. आदल्या आठवड्यात वेलाखाली बसल्या बसल्या तिचा श्वास अडकला. पदराचं टोक धरलेलं होतं, ते सुटलं, म्हणून माझं लक्ष गेलं. तिचे ओठ निळे पडले होते. व्हॅनवाल्यांनीच पळवत नेलं, त्याच व्हॅनमधून. आता ती घरी आहे. बरी आहे, पण जिने चढताना तिला मध्ये थांबावं लागतं.

तुला कळवलं नाही, कारण तू तिकडे एकटी, उगाच जिवाला लावून घेशील. एवढंच कारण असतं तर बरं झालं असतं. पण तू तुझं सगळं बाहेर काढून ठेवलंस, तर मीही काढते.

मुंगीची आई जानेवारीतच मला म्हणाली होती, “काकू, सुट्टीच्या दिवशी घरी असली की ही चांगली असते. तुमच्याकडे आली की हिला जड होतं का हो?” कशी विचारत होती माहीत आहे? खाली बघत, हळू आवाजात, आपण काहीतरी चुकीचं बोलतोय असं वाटून. नर्स आहे ती. दिवसभर लोकांच्या छात्या ऐकते. आणि मी तिला काय म्हणाले असेन? “अगं, दिवसभर हिरव्या वेलाखाली बसते. याहून चांगली हवा तुला शहरात कुठे मिळणार आहे?” ती उलट माझे आभार मानून गेली.

मला त्या क्षणी शंका आली होती, ठमे. संध्याकाळी माझाही घसा खवखवायचा. पण दाराशी नावं घालायला लोक उभे होते, फोटो तुझ्या कागदावर होता, शेजारणीला मी टाकून बोलले होते. शंका आली, तिला मी खाली बस म्हटलं, ती बसली.

तेव्हा आता तू सगळा दोष एकटीनं उचलून नेऊ नकोस. मी काय नुसती पाणी घालणारी होते? मोठ्यांच्या चुकीत धाकट्यांनी असं सगळं ओढून घ्यायचं नसतं. तुझ्यावर रागावले आहे. त्या फेब्रुवारीच्या पत्रावर फार रागावले आहे. ते मी पुन्हा काढून वाचलं, आणि ‘तातडी नाही’पाशी माझ्यानं पुढे वाचवेना. तो राग जाईल तेव्हा जाईल, मी त्याला ढकलणार नाही. पण माझा वाटा मला दे.

काल मुंगीच्या घरी गेले. आई नुकतीच पाळीवरून आली होती, युनिफॉर्मही बदलला नव्हता. तिला सगळं सांगितलं. वेल, झाकण, गाड्या, मशीन. ती ऐकत होती आणि मुंगीचा एक मोजा शोधत होती. सापडला तरी हातात धरून उभी राहिली.

मग तिनं एकच विचारलं. “कधी कळलं तुम्हाला?”

मी म्हटलं, “उशिरा.”

कुणाला उशिरा, किती उशिरा, ते मी बोलले नाही. तिनंही विचारलं नाही. मोजा सुलटा करत म्हणाली, “मीसुद्धा स्कूटर चालू ठेवूनच तुमच्याशी बोलत उभी राहायचे, काकू.” आणि मोजा घालायला खाली बसली. त्या बाईनंही आपला वाटा काढून घेतला. मला तो परत घे म्हणून सांगता आलं नाही.

मुंगीला ती आता माझ्याकडे पाठवणार नाही. मी पाठव म्हणालेही नाही. मुंगीनं विचारलं, पानं संपली? मी हो म्हटलं.

इकडे दादानं सांगाड्याचं लोखंड कापून दारासमोर ओळीनं खांब रोवले आहेत. आता गाड्या लांब, कोपऱ्यापाशी थांबतात, आणि आयाबाप पोराला कडेवर घेऊन चालत येतात. काहीजण कुरकुरतात. दोघांनी नावं काढली. रांग मोडली आहे. अंगणात ऊन येतं, आणि वाराही.

वहिनी


५ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझा राग राहू दे. तो आहे म्हणून मला लिहायला नीट बसता आलं.

साहेबांना सांगितलं. दार लावून, मग सगळ्यांसमोरही. ते म्हणाले, थोडे बदल करून पुढे नेऊ, आता मागे फिरलो तर हसं होईल. मी म्हटलं, प्रत्येक अंगण मोजल्याशिवाय एकही वेल चढणार नाही, आणि जिथे रस्ता अंगाला लागून आहे तिथे नुसतं कुंपण. पहिल्या पानावरचा तुझा फोटो मी त्यांच्यासमोर काढून घेतला. योजना माझ्याकडून गेली. आता मी रोपवाटिकेत आहे. पिशव्या भरून घेते, पाण्यावर लक्ष ठेवते. मशीनवाली मुलगी मधूनमधून येते. काल तिनं रोपांच्या रांगांमध्येही मशीन लावलं आणि म्हणाली, मॅडम, इथे मात्र तुम्ही जगाल. मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

वाटा म्हणालीस ना, तर वेलाचा अर्धा तुझा. घे. पण नऊ फेब्रुवारी माझा आहे. त्यानंतर मुंगी तिथे बसली तो प्रत्येक दिवस माझा आहे, आणि त्यात मी तुला, दादाला किंवा त्या स्कूटरवाल्या आईला शिरू देणार नाही. तू तिला नुसतं ‘उशिरा’ म्हणालीस ते माझ्यासाठी. मला झाकलंस. लहानपणी झाकायचीस तशी. पण त्यामुळे ती बाई आता स्वतःच्या स्कूटरकडे बघत बसली असेल, आणि जिला वेळेवर माहीत होतं ती मी इथे सावलीत उभी आहे.

सोबत दुसरं पाकीट आहे, ते मुंगीच्या आईसाठी. मला कधी कळलं, कुठल्या तारखेला, आणि कळल्यावर मी तुला काय लिहिलं, ते सगळं त्यात आहे. क्षमा मागितलेली नाही. ती मागितली की तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तिच्याकडे आधीच पुष्कळ कामं आहेत.

पाकीट चिकटवलेलं नाही. तू आधी वाच. खरं सांगताना कुठे मऊ पडले असेन तर परत पाठव, मी पुन्हा लिहीन.

तुझी ठमा